व्हीपीएन लावला की निम्मी संकेतस्थळं दार लावून घेतात. नेमकं कुठं अडतंय?

उद्यमनगर_लेथ

राम राम मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं छोटं ऑफिस. पाच संगणक, तीन-चार अँड्रॉइड फोन. केबलवाल्याचं फायबर, पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डनं होणारी) जोडणी. राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरची मुक्त प्रणाली) आणि त्यावर पैसे भरून घेतलेला व्हीपीएन (सगळी वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा), वायरगार्ड पद्धतीनं जोडलेला, सर्व्हर 'इंडिया' निवडलेला. फायरफॉक्समध्ये ट्रॅकिंग संरक्षण 'स्ट्रिक्ट', फिंगरप्रिंटिंगला (ब्राउझरच्या खुणांवरून ओळखण्याला) विरोध करणारी सेटिंग चालू, युब्लॉक ओरिजिन (जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन), ब्राउझर बंद करताना कुकी पुसणं चालू. फोनवर फक्त जाहिराती अडवणारं अ‍ॅप.

अडचणी अशा:

१) नेट बँकिंगमध्ये युजर आयडी टाकेपर्यंत ठीक, पुढच्या पानावर 'तांत्रिक अडचण, नंतर प्रयत्न करा'.
२) बँकेचं अ‍ॅप उघडताच 'व्हीपीएन बंद करा' म्हणतं आणि मिटतं. फोन मोबाईल डेटावर असला तरी तेच. फोनवर व्हीपीएन घातलेलाच नाही.
३) काही सरकारी संकेतस्थळं उघडत नाहीत. एररसुद्धा नाही, नुसतं फिरत राहतं.
४) बेअरिंग-टूलिंगचे कॅटलॉग, बातम्या अशा साध्या ठिकाणी 'तुम्ही माणूस आहात का' विचारणारा चौकोन. टिक मारली, गोल फिरलं, हिरवं झालं, की पान परत पहिल्यापासून.
५) रिटर्नवर डिजिटल सही करताना पोर्टल म्हणतं 'साइनर चालू नाही'. टोकन (डिजिटल सहीची यूएसबी) लावलेलं आहे, साइनर (सही करून देणारा प्रोग्राम) चालू आहे.
६) व्हीपीएन पूर्ण बंद केला तरी चौकोन अधूनमधून येतोच.

'सगळं बंद करून टाका' हे उत्तर माहीत आहे, ते नको. कुठलं कशामुळं अडतं आणि काय ठेवता येईल, तेवढं सांगा.

---

पॅकेट_पन्हाळा

सहाही अडचणी व्हीपीएनच्या नावावर टाकू नका. पहिली आणि तिसरी त्याची. चौथी अर्धी ब्राउझरची. बाकी तिन्हींशी त्याचा संबंध नाही.

आधी अडवणारा कोण ते बघा. पान अडलं की एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडून पान परत लोड करा आणि पहिल्या ओळीचा स्टेटस वाचा. ४०३ असेल आणि रिस्पॉन्स हेडरमध्ये 'सीएफ-मिटिगेटेड' समोर 'चॅलेंज' असेल, तर चौकोन क्लाउडफ्लेअरनं (संकेतस्थळांच्या पुढं उभं राहून वाहतूक तपासणाऱ्या कंपनीनं) पुढं केलाय आणि तुमची विनंती मूळ सर्व्हरपर्यंत पोचलेलीच नाही. ४२९ म्हणजे त्या इंटरनेट पत्त्यावरून (आयपी) फार विनंत्या झाल्या. ४५१ म्हणजे कायदेशीर कारणानं बंद. क्लाउडफ्लेअरच्या एररच्या पानावर आकडा असतो तोही वाचायचा: १००९ म्हणजे तुमचा देश किंवा प्रदेश बंद, १००६ म्हणजे तो एक आयपी बंद, १०१५ म्हणजे वेगमर्यादा, १०२० म्हणजे संकेतस्थळवाल्यानं स्वतः लिहिलेला नियम लागला. १००९ ला सर्व्हरचा देश बदलून उपयोग होतो, १०१५ ला थोडा वेळ थांबून. १०२० ला बहुधा कशानंच होत नाही, कारण तो नियम बऱ्याचदा 'डेटा सेंटरमधून येणारं सगळं बंद' असा असतो.

इथंच मूळ आहे. प्रत्येक आयपी कुठल्या तरी नेटवर्कच्या नावावर असतो, त्या नेटवर्कला एएसएन नावाचा क्रमांक असतो. केबलवाला, जिओ, एअरटेल यांचे क्रमांक 'घरगुती किंवा मोबाईल' म्हणून ओळखले जातात. व्हीपीएन कंपन्या जिथं सर्व्हर भाड्यानं घेतात त्यांचे 'होस्टिंग' म्हणून. मॅक्समाइंडसारख्या कंपन्या ही यादी विकतात. बँकेला तुमचा व्हीपीएन कुठला हे कळायची गरजच नाही. 'होस्टिंगमधून आलाय' एवढं दिसलं तरी धोक्याचे गुण वाढतात. टॉरचं (ओळख लपवून फिरायच्या जाळ्याचं) तर आणखी सोपं, बाहेर पडणाऱ्या नोड्सची यादी टॉर प्रकल्प स्वतःच जाहीर करतो.

आता तुमचा 'इंडिया' सर्व्हर. सर्ट-इननं (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला: व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, दिलेले आयपी वगैरे नोंदी पाच वर्षं ठेवायच्या. व्हीपीएनवाल्यांसाठी अंमलाची तारीख पुढं ढकलून २५ सप्टेंबर २०२२ झाली. त्या दरम्यान एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क, प्रोटॉन यांनी भारतातली यंत्रं काढून घेतली. एक्स्प्रेसव्हीपीएन, प्रोटॉन वगैरेंच्या यादीत 'इंडिया' राहिलं, पण यंत्र सिंगापूरला किंवा आणखी कुठं. भौगोलिक यादीत तो पत्ता भारताचा म्हणून नोंदवून घेतलेला असतो. एका यादीत भारत, दुसरीत सिंगापूर, असा घोळ मग होतोच, आणि सरकारी फायरवॉल जी यादी वापरते तीत परदेश निघालं की पॅकेट (विनंतीचा तुकडा) उत्तर न देता टाकून दिलं जातं. तुमचं 'नुसतं फिरत राहतं' ते हे. बरीच सरकारी संकेतस्थळं परदेशातून अशीच गप्प असतात.

तुमचा सर्व्हर खरा कुठं आहे ते पिंग करून (संदेश जाऊन-यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजून) बघा. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किमी. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किमी जातो, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंदांच्या खाली येणं शक्यच नाही. कोल्हापूरहून पिंग वीस-पंचवीसच्या आत असेल तर यंत्र भारतात आहे. साठ-सत्तर दिसलं तर 'इंडिया' फक्त पाटीवर आहे, असं बहुतेक वेळा समजायला हरकत नाही.

आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) पण बघा. वायरगार्डच्या 'अलाउड आयपीज'मध्ये फक्त ०.०.०.०/० लिहिलं असेल आणि ::/० नसेल, तर आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे पत्ते) बोगद्यातून, म्हणजे व्हीपीएनमधून, जातं आणि आयपीव्ही६ थेट केबलवाल्याकडून. एकाच पानावरच्या काही विनंत्या सिंगापूरहून, काही कोल्हापूरहून! बँकेच्या यंत्रणेला यापेक्षा संशयास्पद दिसणारं फारसं काही नसतं. एकतर ::/० घाला, किंवा व्हीपीएनवाला आयपीव्ही६ देत नसेल तर त्या लॅनवर (ऑफिसच्या आतल्या जाळ्यावर) ते बंद ठेवा.

आणि अडलं म्हणून सर्व्हर बदलून बदलून लॉगिन करत बसू नका. दहा मिनिटांत मुंबई, अ‍ॅमस्टरडॅम, टोकियो अशी हजेरी लागली की खातं तात्पुरतं कुलूपबंद होऊ शकतं. ते काढायला कधीकधी शाखेत जावं लागतं.

---

कळंबा_रूट

फोनचं मी सांगतो. अँड्रॉइडमध्ये जाहिराती अडवणारी बहुतेक अ‍ॅप्स, ब्लोकाडा, नेटगार्ड, रिथिंक वगैरे, फोनच्या आतच एक खोटा व्हीपीएन उभा करतात आणि सगळी पॅकेटं त्यातून गाळून घेतात. वरच्या पट्टीत किल्लीचं चिन्ह येतं ते त्यामुळंच. बँकेचं अ‍ॅप सिस्टिमला विचारतं, 'चालू नेटवर्क व्हीपीएन आहे का?' सिस्टिम 'हो' म्हणते. पॅकेट फोनच्या बाहेर कुठंच वळवलेलं नाही हे अ‍ॅपला दिसत नाही, आणि बघायची इच्छाही नसते.

सगळ्यात स्वस्त उपाय: ते अ‍ॅप काढा. सेटिंग्जमध्ये नेटवर्क आणि इंटरनेट, तिथं प्रायव्हेट डीएनएस (डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा), तिथं 'डीएनएस डॉट अ‍ॅडगार्ड-डीएनएस डॉट कॉम' लिहा (डॉटच्या जागी टिंब). अँड्रॉइड ९ पासून पुढं सगळीकडं आहे. जाहिराती बऱ्याचशा जातात, किल्ली येत नाही, बँकेचं अ‍ॅप तक्रार करत नाही. गमावता काय, तर अ‍ॅपनिहाय इंटरनेट तोडायची सोय. एक खोड लक्षात ठेवा: एसटी स्टँड किंवा हॉटेलच्या वायफायवर लॉगिनचं पान उघडेना झालं तर प्रायव्हेट डीएनएस तेवढ्यापुरतं 'ऑटोमॅटिक' करायचं.

दुसरा रस्ता म्हणजे बँकेचं अ‍ॅप त्या ब्लॉकरमधून वगळणं. दोन ठिकाणी फसतं. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये 'व्हीपीएनशिवाय जोडणी अडवा' चालू असेल तर वगळलेल्या अ‍ॅपला इंटरनेटच मिळत नाही, आणि लोक बँकेला शिव्या देत बसतात. शिवाय काही अ‍ॅप्स सिस्टिमला न विचारता फोनवरच्या इंटरफेसची यादीच चाळतात. तिथं 'टन०' दिसलं की वगळलेलं असूनही नकार.

तिसरा रस्ता वर्क प्रोफाइल, म्हणजे फोनमधला कामाचा वेगळा कप्पा. अँड्रॉइडमध्ये व्हीपीएन प्रत्येक प्रोफाइलचा वेगळा असतो. शेल्टर किंवा आयलंड घालून वर्क प्रोफाइल करा आणि बँकेचं अ‍ॅप तिथं ठेवा. मूळ प्रोफाइलमधला व्हीपीएन त्याला लागत नाही. यूपीआयचं सिम जोडणी करणारं एसएमएस काही अ‍ॅप्सना वर्क प्रोफाइलमधून पाठवता येत नाही, म्हणून जुनं अ‍ॅप काढायच्या आधी तिथं नोंदणी होते का ते बघा.

फोन रूट केलेला (कंपनीची कुलपं तोडलेला), बूटलोडर उघडा किंवा लिनिएजसारखी वेगळी रॉम असेल तर मात्र विषय निराळा. तिथं प्ले इंटिग्रिटी, म्हणजे फोन अस्सल आहे का बघणारी गूगलची तपासणी, आडवी येते (जुनी सेफ्टीनेट २०२५ मध्ये बंद झाली) आणि व्हीपीएन बंद करून काही फरक पडत नाही. ते लपवणारी मॉड्यूल्स मिळतात, गूगलचा पुढचा बदल आला की मोडतात. ज्या फोनवर धंद्याचं यूपीआय आहे त्यावर हा नाद करायचा नाही, भावा.

डेव्हलपर ऑप्शन्स आणि यूएसबी डिबगिंग पण बंद ठेवा. आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीत कुठल्या अ‍ॅपला परवानगी दिलीय ते बघा. स्क्रीन शेअर करून पैसे काढणाऱ्या टोळ्या तोच रस्ता वापरतात, त्यामुळं अनोळखी सेवा चालू दिसली की बरीच अ‍ॅप्स उघडतच नाहीत. पासवर्ड मॅनेजर किंवा स्क्रीन पिवळी करणारं अ‍ॅपही त्यात सापडतं.

---

टोकन_टेंबलाई

पाचवी अडचण. तुमचा साइनर संगणकावरच एक छोटा सर्व्हर चालवतो आणि पोर्टलचं पान ब्राउझरमधून १२७.०.०.१ या पत्त्याशी बोलतं. म्हणजे बाहेरचं पान तुमच्या संगणकाच्या आतल्या दाराशी बोलू बघतंय. सुरक्षेच्या दृष्टीनं हे संशयास्पदच, म्हणून प्रायव्हसीची साधनं ते तोडतात.

युब्लॉकच्या डॅशबोर्डमध्ये फिल्टर लिस्ट्स उघडा. प्रायव्हसी गटात 'ब्लॉक आउटसायडर इंट्रूजन इनटू लॅन' नावाची यादी आहे. मुळात ती बंद असते. 'सगळ्याला टिक' मारणाऱ्याकडं चालू असते. ती काढा, किंवा पोर्टलवर युब्लॉकचं मोठं बटण दाबून त्या संकेतस्थळापुरतं बंद करा. ब्रेव्ह वापरत असाल तर तिथं लोकलहोस्टची परवानगी वेगळी मागतात. क्रोममध्येही आवृत्ती १४२ पासून 'स्थानिक नेटवर्कवरची उपकरणं शोधू का' असा प्रश्न येतो. घाईत 'ब्लॉक' दाबलं की सही कायमची बंद, जोवर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हातून परवानगी परत देत नाही.

एवढं करूनही नाही झालं तर साइनरचं प्रमाणपत्र बघा. ते विंडोजच्या कोठारात बसतं, फायरफॉक्सचं कोठार वेगळं. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये, प्रमाणपत्रांच्या भागात, ऑपरेटिंग सिस्टिममधली बाहेरची मूळ प्रमाणपत्रं मान्य करायची टिक आहे, ती लागते.

---

पॅकेट_पन्हाळा

चौकोनाचं राहिलंच.

हिरवं होऊन परत पहिल्यापासून येतं तेव्हा परीक्षा तुम्ही पास झालेले असता. अडतं ते पास झाल्याचा पुरावा टिकण्यात. क्लाउडफ्लेअर 'सीएफ-क्लिअरन्स' नावाची कुकी देतं, ती त्या आयपीशी आणि ब्राउझरच्या ओळखीशी बांधलेली असते. व्हीपीएनवाला मध्येच बाहेर पडायचा आयपी बदलत असेल, किंवा अर्ध्या विनंत्या आयपीव्ही६ वरून जात असतील, तर पुढच्या विनंतीला कुकी गैरलागू आणि परत चौकोन. कुकी पुसणारं एक्स्टेंशन असेल तर तेच. संगणकाचं घड्याळ पुढंमागं असलं तरी होतं. बॅटरी गेलेल्या जुन्या मदरबोर्डवर हे बघितलं पाहिजे.

हिरवंच होत नसेल तर 'चॅलेंजेस डॉट क्लाउडफ्लेअर डॉट कॉम' कुठं अडतंय का बघा, युब्लॉकमध्ये किंवा डीएनएसमध्ये.

फिंगरप्रिंटिंगला विरोध करणारी सेटिंग कॅनव्हासमध्ये (पानावरच्या चित्र काढायच्या जागेत) मुद्दाम गडबड घालते, वेळेचा पट्टा भारताचा न सांगता यूटीसीचा सांगते. टॉर ब्राउझरमध्ये ते योग्य, कारण तिथं सगळे सारखेच दिसतात. साध्या फायरफॉक्समध्ये मात्र तुम्ही हजारात एक दिसता आणि चौकोनही वाढतात. माझं मत: ती काढा, 'स्ट्रिक्ट' ठेवा. आणि ब्राउझरची ओळख बदलणारं यूझर-एजंटचं एक्स्टेंशन असेल तर आधी तेच काढा. नाव क्रोमचं आणि टीएलएसची (सुरक्षित जोडणी जुळवण्याची) पहिली सलामी फायरफॉक्सची, हे समोरच्याला लगेच कळतं. बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) असंच करतात.

ऑफिससाठी व्यवस्था अशी करा. अ‍ॅड्रेस बारमध्ये 'अबाउट', मग कोलन, मग 'प्रोफाइल्स' लिहून फायरफॉक्सचा दुसरा प्रोफाइल करा. त्यात काही घालायचं नाही, कुकी पुसायच्या नाहीत. बँक, रिटर्न, टेंडर फक्त तिथं. पुसल्या की बँकेला प्रत्येक वेळी नवं यंत्र दिसतं आणि ओटीपीचा सुकाळ होतो. आणि हिशेबाचा संगणक व्हीपीएनच्या बाहेर काढा. राऊटरवर त्याला कायमचा आयपी बांधून द्या, 'पीबीआर' (कुणाची वाहतूक कुठून जाईल ते ठरवणारं) पॅकेज घाला आणि त्या आयपीची सगळी वाहतूक 'वॅन'कडं (थेट केबलवाल्याकडं), असा एक नियम. झालं.

ठरावीक डोमेनच बाहेर काढायची असतील तर तेही पीबीआरमध्ये होतं, पण त्याला 'डीएनएसमास्क-फुल' लागतं आणि संगणकांनी डीएनएस राऊटरलाच विचारलं पाहिजे. फायरफॉक्समधलं डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएस चालू असेल तर राऊटरला नावच कळत नाही आणि नियम कधी लागतच नाही. बँकेचं मुख्य डोमेन बाहेर काढलं आणि ओटीपीचं पान दुसऱ्याच डोमेनवर निघालं, हा वेगळा ताप. म्हणून अख्खा संगणक काढणंच बरं.

---

तांबडा_पांढरा

इतका खटाटोप कशाला म्हणतो मी. जिथं पॅन दिलं, आधार दिलं, मोबाईल दिला, तिथं आयपी लपवून कुणापासून काय लपलं?

---

पॅकेट_पन्हाळा

बँकेपासून काहीच नाही, बरोबर. केबलवाल्यापासूनही जवळपास नाही. एचटीटीपीएस असल्यावर त्याला बँकेचं नाव दिसतं, आत काय केलं ते नाही. म्हणून तर हिशेबाचा संगणक बाहेर काढा म्हणतोय. पण आजारपणाबद्दल वाचणारा, नोकरी शोधणारा, बातमी वाचणारा माणूस कुणालाही केवायसी देत नाही. तिथं फक्त वाचायला 'व्हीपीएन काढ' म्हणणं हा निव्वळ आळस आहे. वाचणाऱ्यानं कुणाचं काय चोरलंय?

---

चप्पल_गल्ली_डॉट

दुसऱ्या बाजूनं थोडं. चपला, गूळ, मसाला विकणारी छोटी ऑनलाइन दुकानं सांभाळणाऱ्यांसाठी लिहितो, कारण व्हीपीएनवाल्यांना अडवणारे आम्हीच.

अडवतात ते तीन गोष्टींमुळं. चोरलेली कार्डं चालतात का बघायला बॉट दहा-वीस रुपयांच्या ऑर्डरी टाकतात. पेमेंट गेटवे अपयशी व्यवहारांवरून दुकानालाच दम देतो. ओटीपी पाठवायच्या बटणावर बॉट बसवतात, आणि प्रत्येक एसएमएसचे पैसे दुकानदाराचे. तिसरं, फुटलेल्या पासवर्डच्या याद्या लॉगिनवर चालवून बघतात. हे सगळं स्वस्त सर्व्हरवरून येतं, व्हीपीएनही तिथूनच येतो. मग वैतागून कुणीतरी अख्खे एएसएन बंद करतं.

ते करू नका. झेडस्केलरसारख्या (कंपन्यांची वाहतूक गाळून देणाऱ्या) सेवेतून बाहेर पडणारे मोठ्या कंपन्यांचे कर्मचारी पण त्यात जातात, दुपारच्या सुट्टीत चपला बघणारे. क्लाउडफ्लेअरमध्ये नियम लिहिताना 'ब्लॉक' ऐवजी 'मॅनेज्ड चॅलेंज' ठेवा, आणि तोही फक्त लॉगिन, ओटीपी आणि पेमेंट या तीन पानांवर. वस्तूंची पानं, आरएसएस मोकळं. टॉरसाठी क्लाउडफ्लेअर देशाच्या जागी 'टी१' असा संकेत देतं, त्याचा नियम वेगळा लिहिता येतो.

ओटीपीची मर्यादा आयपीवर लावू नका, मोबाईल नंबरवर लावा. एका नंबरला दहा मिनिटांत तीन, एवढं पुरतं. आयपीवर लावली की मोबाईल नेटवर्कवरचे शेकडो गिऱ्हाईक एका आयपीमागं असतात, पहिल्या तिघांना ओटीपी जातो आणि बाकीचे बाहेर. आयपीव्ही६ ला उलटं: एकेक पत्ता मोजून उपयोग नाही, /६४ चा गट मोजा, कारण एका घराला तेवढा पट्टा मिळतो.

रीकॅप्चा ३ (माणूस की बॉट याचे गुण देणारी गूगलची सेवा) वापरणाऱ्यांनी ०.५ खाली सगळे बाहेर असं करू नये. कमी गुण आले तर दुसरी परीक्षा द्या, दार लावू नका. आणि अडवलंच तर खरं सांगा. 'तांत्रिक अडचण' लिहिलं की माणूस परत परत प्रयत्न करतो आणि त्याचे गुण आणखी घसरतात. पानावर रे आयडी (क्लाउडफ्लेअरनं त्या विनंतीला दिलेला क्रमांक) आणि एक ईमेल असू द्या.

---

कळंबा_रूट

सहावी अडचण यातच आली. राऊटरच्या स्टेटस पानावर 'वॅन'चा आयपीव्ही४ बघा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागं आहात. गल्लीतले कितीतरी गिऱ्हाईक एकाच जाहीर आयपीवर. त्यातल्या कुणाच्या संगणकात बॉट शिरला की चौकोन सगळ्यांना. केबलवाला आयपीव्ही६ देत असेल तर व्हीपीएनबाहेरच्या संगणकांसाठी चालू करा, तिथं पट्टा तुमचा एकट्याचा असतो. नाहीतर स्टॅटिक आयपी मागा, वर्षाला थोडे जास्त घेतात.

आयपी तुमचा एकट्याचा असूनही चौकोन येत असेल तर घरात शोधा. फुकट व्हीपीएन आहे का कुणाच्या लॅपटॉपवर? होला हा फुकट व्हीपीएन गिऱ्हाइकांचीच जोडणी ल्युमिनाटी नावानं दुसऱ्यांना विकतो, हे २०१५ मध्ये उघड झालं होतं. आणि नाव-गाव नसलेला स्वस्त अँड्रॉइड टीव्ही बॉक्स असेल तर काढून ठेवा, बॅडबॉक्स २.० बद्दल एफबीआयनं जून २०२५ मध्ये इशारा दिला तो असल्याच यंत्रांचा. ती बऱ्याचदा कारखान्यातूनच बिघडवून येतात आणि तुमच्या आयपीवरून दुसऱ्याची वाहतूक काढतात.

---

उद्यमनगर_लेथ

आभार. हिशेबाचा संगणक पीबीआरनं बाहेर काढला: बँक आणि सरकारी पानं दोन्ही चालू. सही झाली, ती युब्लॉकची यादीच होती. फोनवर प्रायव्हेट डीएनएस केलं, अ‍ॅप उघडलं. पिंग ६८ आला, म्हणजे 'इंडिया' पाटीच.

राहिलेलं दोन. बोगद्यातल्या संगणकांवर काही कॅटलॉग अर्धे उघडून अडकतात, खाली 'टीएलएस हँडशेक' लिहिलेलं दिसतं. चौकोन नाही, एरर नाही. आणि पोरं विचारतात, व्हीपीएन वापरणं बेकायदेशीर आहे का?

---

टोकन_टेंबलाई

देशभर व्हीपीएनला बंदी घालणारा कायदा नाही. सर्ट-इनचा आदेश नोंदी ठेवायचं ओझं सेवा देणाऱ्यावर टाकतो, वापरणाऱ्यावर नाही. जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांत दंडाधिकाऱ्यांनी वेळोवेळी तात्पुरती बंदी घातलेली आहे, तिकडं जाताना बघून जा. बँकेच्या अटीत 'व्हीपीएन नको' लिहिलं असेल तर तो करार, कायदा नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या डिजिटल व्यवहारांच्या निर्देशांत ठिकाण, यंत्र, सवयी बघून जास्तीची तपासणी करायची मुभा बँकांना दिलीय आणि अंमल १ एप्रिल २०२६ चा, म्हणजे हे कमी व्हायचं लक्षण नाही.

---

पॅकेट_पन्हाळा

हँडशेकवर अडकणं म्हणजे अडवणूक नव्हे, एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. पीपीपीओईवर तुमच्याकडं १४९२ बाइट. वायरगार्ड मुळात १४२० धरतं. सर्व्हरशी जोडणी आयपीव्ही४ वरून असेल तर वरचं ओझं ६० बाइट, एकूण १४८०, मावतं. आयपीव्ही६ वरून असेल तर ८०, एकूण १५००, आणि मावत नाही. लहान पॅकेटं जातात म्हणून पान सुरू होतं, प्रमाणपत्राचं मोठं पॅकेट आलं की अडकतं. सर्व्हरचा पत्ता आयपीऐवजी नावानं दिला असेल आणि ते नाव आयपीव्ही६ वर उघडत असेल, तर हेच होतं.

वायरगार्ड इंटरफेसचा एमटीयू १४१२ करा, फायरवॉलमध्ये त्या झोनवर 'एमएसएस क्लॅम्पिंग'ची टिक लावा, इंटरफेस रीस्टार्ट करा. तपासायला विंडोजवर पिंगला तुकडे न करायचा पर्याय आणि १३८४ आकार द्या (१४१२ वजा २८). १३८४ जाऊन १३८५ अडलं म्हणजे बरोबर बसलं. १३८४ पण अडलं तर वाटेत आणखी कुणीतरी बाइट खातंय. १२८० करून बघा आणि तिथून वीस-वीसनं वर या.